झाकलेला हात

काकांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटचं शटर गेली काही वर्षं बंद आहे, पण आतली मशीनं त्यांनी विकली नाहीत. साताऱ्यातल्या त्या लांबट खोलीत भिंतीलगत अकरा मशीनं खोळी पांघरून बसली आहेत आणि खिडकीपाशी एक संगणक आहे. दिवाळीत गेले तेव्हा काकांनी एका मशीनची खोळ काढली, कागद घातला, रूळ फिरवून तो सरळ केला आणि म्हणाले, "बस. रोज मराठीत लिहितेस ना? काढ एक ओळ."

मी फिजिओथेरपिस्ट. अर्धांगवायूच्या रुग्णांना घरी करायचे व्यायाम मराठीत लिहून द्यायचे म्हणून संगणकाचा इनस्क्रिप्ट कळफलक शिकले आणि आता संगणकावर बोटांकडे न बघता लिहिते. मशीनवर अक्षरांच्या जागा निराळ्या. एकेक शोधून मी 'दिवस' लिहिला. कागदावर उमटलं 'दविस'.

कारण सोपं आहे. संगणकावर आधी 'द' आणि मग पहिली वेलांटी. ती कुठे काढायची ते संगणक बघून घेतो. मशीन मात्र डावीकडून उजवीकडे जात राहतं. पहिली वेलांटी अक्षराच्या डाव्या अंगाला येते, म्हणून मशीनवर ती आधी मारायची, मग 'द'. काकांनी हे सांगितलं, मला पटलं, मी पुन्हा लिहिलं. 'दविस'. तिसऱ्यांदा 'मिरची' घेतली, तर 'मरिची' आली. मग काका संगणकाशी बसले. शेवटच्या काही बॅचना त्यांनी इनस्क्रिप्टही शिकवलं होतं, त्यामुळे जागा त्यांना पाठ. पण बोटं तीस वर्षं मशीनवर गेलेली. त्यांनी 'दिवस' लिहिला आणि पडद्यावर टिंबांच्या गोलाला लटकलेली वेलांटी आली, तिच्यापुढे नुसतं 'दवस'.

तिथून जो वाद सुरू झाला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चालला. मी तो मांडते आहे, कारण डोळ्याला दिसलेली खूण आणि हाताची हालचाल यांची गाठ मेंदू कशी मारतो, हा माझ्या रोजच्या कामाचा प्रश्न आहे आणि काकांचा तो आयुष्यभराचा व्यवसाय होता.

काका : बघितलंस? तुला कळलेलं आहे, मला कळलेलं आहे, दोघांच्याही बोटांना कळलेलं नाही. पोरांना मी हेच सांगायचो. डोळा आणि बोट यांच्या मधे डोकं आणायचं नाही. अक्षर दिसलं की बोट पडलं पाहिजे.

मी : पण पहिल्या दिवशी मुलगा येतो तेव्हा डोकं नको म्हणून कसं चालेल? समोर पेला दिसला तर हात पेल्याकडेच न्यायचा असतो. कुठे जायचं ते पेलाच सांगतो. 'क'चं तसं नाही. 'क' कागदावर कुठेही असो, बोट जाणार एका ठरलेल्या जागी. त्या आकारात असं काहीच नाही की तो बघून हेच बोट हलावं. ती नेमणूक आहे, आपण माणसांनी केलेली. लाल दिव्याला ब्रेक नेमला, तशी.

काका : बरं, नेमणूक. मग?

मी : मग ही नेमणूक सांभाळायला मेंदूत वेगळी सोय आहे. ऑक्सफर्डमध्ये रिचर्ड पासिंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात माकडांवर प्रयोग केले. एक रंग दिसला तर मूठ ओढायची, दुसरा दिसला तर फिरवायची. हालचाल करणाऱ्या भागाच्या अलीकडे मेंदूत एक पट्टा असतो, प्रीमोटर कॉर्टेक्स. तो काढल्यावर माकडांना मूठ ओढता येत होती, फिरवताही येत होती. अमका रंग म्हणजे ओढायचं की फिरवायचं, एवढंच त्यांना पुन्हा जमेना.

काका : म्हणजे डोळा शाबूत, हात शाबूत आणि मधला दुवा तुटला.

मी : अगदी तसंच.

काका : मग तू माझीच बाजू घेतेस की. दुवा आहे म्हणतेस. दुवा म्हणजे विचार नव्हे. पायवाट कशी पडते? पुन्हा पुन्हा चालून. रोज एक तास, सहा महिने, एकही दिवस न चुकवता. मराठी तीसच्या परीक्षेला माझी पोरं अशी तयार झाली.

मी : नुसतं चालून नाही, काका. वाट बरोबर ठिकाणी पोचली की नाही, हेही प्रत्येक वेळी कळावं लागतं. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशींचं काम नोंदवलं. फळांचा रस अचानक मिळाला की त्या पेशी जोरात चेततात. रसाच्या आधी दर वेळी एक खूण मिळत गेली, की पेशी रसाला गप्प राहतात आणि खुणेलाच चेततात. खूण मिळाली आणि रस आलाच नाही, तर त्या नेमक्या क्षणी पेशींचं काम मंदावतं. १९९७ साली पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांच्याबरोबर त्यांनी याचा अर्थ मांडला : अपेक्षा आणि घडलेलं यांतला फरक, ही शिकवणारी गोष्ट. सगळं अपेक्षेप्रमाणे घडत असेल तर शिकायला काही उरत नाही.

काका : थांब, थांब. म्हणजे चुकीतून माणूस शिकतो, असंच ना?

मी : हो.

काका : हे मला मान्य नाही.

काका उठून कपाटाकडे गेले आणि एक जुनी फाइल घेऊन आले. विद्यार्थ्यांचे सरावाचे कागद, कडा पिवळ्या पडलेल्या. एक कागद त्यांनी माझ्यासमोर धरला. ओळीमागून ओळी 'आहे आहे आहे', आणि दर चौथ्या-पाचव्या ठिकाणी 'आह' आणि पुढे सुटलेली मात्रा.

काका : हा मुलगा हुशार होता, पण घाईचा. पहिल्याच महिन्यात स्पीड पाहिजे. चुकायचा आणि तसाच पुढे जायचा. पुढे त्याला शिकवायला मला किती त्रास झाला, ते मलाच माहीत. बोटांनी चूकच पाठ केली होती. तुझ्या हिशेबाने तर तो सगळ्यात जास्त शिकायला हवा होता, कारण चुका त्याच्याच जास्त. बोटाला बरं-वाईट कळत नाही, पोरी. तू त्याला जे करायला लावशील ते ते धरून ठेवतं. म्हणून मी सांगायचो, इतकं सावकाश मार की चूक होणारच नाही. स्पीड आपोआप येतो.

मला लगेच उत्तर सुचलं नाही. हे मी माझ्या रुग्णांतही पाहिलं आहे. अशक्त झालेला हात उचलताना माणूस खांदा वर ओढतो, कंबरेतून झुकतो, कसाबसा हात पोचवतो. आणि तसंच करत राहिला तर ती कशीबशी हालचालच त्याची हालचाल होऊन बसते. पुढे ती सोडवायला महिने जातात.

मी : त्या मुलाला चूक झाल्याचं कळत होतं का?

काका : कुठलं! कागद संपला की मी लाल पेनाने गोल करायचो, तेव्हा.

मी : मग तेच म्हणते मी. चूक होणं वेगळं आणि चूक त्या क्षणी कळणं वेगळं. तासाभराने लाल गोल बघून मुलगा शरमेल, बोट कसं शिकणार?

काका : चूक करावी लागते, हे यातून सिद्ध होत नाही. कळायला हवी, एवढंच होतं.

त्या दिवशी आम्ही इथेच थांबलो. रात्री जेवताना काकांनी विषय पुन्हा काढला, तो पुठ्ठ्याचा. त्यांच्या खोलीतलं ते पुठ्ठ्याचं खोकं साताऱ्यात अनेकांना आठवत असेल. बुटांच्या खोक्यापेक्षा जरा रुंद, पुढची आणि मागची बाजू कापलेली. ते कळफलकावर पालथं ठेवायचं आणि हात आत घालायचे. डोळे समोरच्या उताऱ्यावर, हात अंधारात.

काका : तू रुग्णांना काय सांगतेस?

मी : उलट सांगते. हाताकडे बघा. झटका आल्यावर पुष्कळांच्या हाताची जाणीवच जाते. हात कुठे आहे, मूठ उघडी आहे की मिटलेली, आतून कळत नाही. तेव्हा जाणिवेचं काम डोळ्याला करावं लागतं. घरची माणसं मायेपोटी हात धरून वर-खाली हलवतात आणि रुग्ण टीव्हीकडे बघत असतो. सांधे आखडू नयेत म्हणून तसं हलवणं लागतं, मी नाही म्हणत नाही. पण शिकणं त्यात नाही. रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन यांनी १९६३ साली मांजरीच्या पिलांवर केलेला प्रयोग मी नातेवाइकांना सांगते. एका आडव्या दांड्याच्या दोन टोकांना दोन पिलं. एक स्वतःच्या पायांनी चालत गोल फिरायचं, दुसरं पाळण्यात बसून त्याच्यामागे तेवढंच फिरायचं. एरवी दोघंही अंधारात. डोळ्यांना दोघांनाही सारखंच दिसलं. पण टेबलाची कड जवळ आली की पंजे पुढे टाकणं, कड्यापाशी थबकणं, हे चालणाऱ्या पिलाला आलं. पाळण्यातल्या पिलाला आलं नाही. स्वतः हलायचं आणि हलल्यामुळे काय बदललं ते स्वतः बघायचं, दोन्ही लागतं.

काका : मग माझं खोकं तुझ्या शास्त्रात चुकीचंच ठरलं.

मी : मला तसंच वाटतं, काका. मुलांना हात दिसू दिले असते तर जास्त लवकर शिकली असती.

काका काही बोलले नाहीत. ताटातली चटणी त्यांनी बोटाने सारखी केली आणि विचारलं, "उद्या सकाळी आहेस ना?"

सकाळी मी बॅगेतून चष्मा काढला. कामावरून थेट आले होते, म्हणून तो बरोबरच होता. त्याच्या काचा पाचरीसारख्या असतात, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ. तो घातला की समोरचं सगळं दहा अंश उजवीकडे सरकलेलं दिसतं. टेबलावर पेनाचं निळं टोपण ठेवलं, काकांना चष्मा दिला आणि सांगितलं, बोट टोपणावर ठेवा.

काकांनी हात पुढे काढला. तो उजवीकडे चालला होता. निम्म्या वाटेत त्यांच्या लक्षात आलं, त्यांनी तो डावीकडे वळवला आणि बोट अलगद टोपणावर टेकवलं. दुसऱ्यांदा तसंच. चौथ्यांदाही हात आधी उजवीकडेच निघाला आणि वाटेत वळून बरोबर पोचला.

"येतंय की," काका म्हणाले.

"येतंय, पण हात शिकत नाहीये," मी म्हटलं. आमच्याकडे यासाठी एक फळी असते. ती इथे नव्हती. मी इकडेतिकडे पाहिलं आणि काकांचं खोकं उचललं. टेबलावर ठेवलं, त्यांचा हात आत घातला आणि सांगितलं, आता झटकन, वाटेत न थांबता. बोट खोक्याबाहेर निघेल तेवढंच दिसेल.

बोट टोपणाच्या चार बोटं उजवीकडे आदळलं. काका चमकले. दुसऱ्यांदा तीन बोटं. मग दोन. दहाव्या-बाराव्या खेपेला टोपणावर. आणखी वीसेक वेळा करून घेतलं, मग चष्मा काढला. "आता नुसत्या डोळ्यांनी." काकांनी आत्मविश्वासाने बोट टाकलं, ते टोपणाच्या डावीकडे पडलं, तीन बोटं लांब.

त्यांनी बोटाकडे पाहिलं, टोपणाकडे पाहिलं, मग खोक्याकडे.

काका : हे खोकं कशाला लागलं?

आणि तो प्रश्न ऐकता ऐकता मला जाणवलं, की रात्री मी चुकीचं बोलले होते.

मी : तुमचं खोकं बरोबर आहे, काका. मीच चुकत होते. हात सुरुवातीपासून दिसला की डोळा त्याला वाटेतच सावरतो. बोट दर वेळी टोपणावर पोचतं, चूक उरत नाही आणि हाताला काही शिकावं लागत नाही. तुम्ही आत्ता चार वेळा तेच केलंत. वाट झाकली की हाताला आपल्या हिशेबाने निघावं लागतं आणि तो कुठे पडला ते शेवटी दिसतं. तुमच्याकडचा मुलगा कळ बघून बोट ठेवत असता, तर बोटाला जागा शिकण्याचं कारणच नव्हतं. डोळ्याने दर वेळी नेऊन सोडलं असतं.

काका : म्हणजे आंधळी कोशिंबीर नव्हे, फक्त बोट धरायचं नाही.

मी : हो. आणि मी ज्यांना हाताकडे बघा म्हणते, त्यांना आतून काहीच कळत नसतं, म्हणून. जाणीव परतायला लागली की मलाही डोळा काढून घ्यावा लागतो. ते मी उशिरा करते, असं आता वाटतंय.

या चष्म्याची गोष्ट जुनी आहे. हेल्महोल्ट्झ यांनी १८६७ मध्येच तिचं वर्णन केलं होतं. माझ्या कामात तो येतो तो वेगळ्या कारणाने. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला की काही रुग्णांना डावं जगच उरत नाही. डोळे धड असतात, पण डावीकडे लक्ष जात नाही. आपल्या पंगतीची 'डावी बाजू' आठवा : मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. माझ्या एका रुग्णाचं ताट त्यांच्या पत्नी मला दाखवायच्या. भात, भाजी स्वच्छ पुसलेली, डावी बाजू वाढली तशीच. "यांना चटणी किती आवडायची," एवढंच त्या म्हणायच्या. १९९८ साली ईव्ह रोसेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रान्समध्ये अशा रुग्णांना उजवीकडे सरकवणारा हाच चष्मा घालून पन्नास वेळा बोट दाखवायला लावलं. चष्मा काढल्यावर हात डावीकडे जाऊ लागला आणि हाताबरोबर लक्षही. निदान दोन तास तो परिणाम टिकला. सगळ्यांना त्याचा सारखा गुण येतो असं नाही, पण ज्यांना येतो त्यांच्या ताटाकडे मी आधी बघते.

काका : तू मला एक कबूल कर. चष्मा काढला हे माझ्या डोक्याला माहीत होतं. तरी हात डावीकडे गेला. मग डोक्याचा काय उपयोग झाला?

मी : काही नाही. उलट कधी कधी डोकं हरतं. कोलंबिया विद्यापीठात माझोनी आणि क्रॅकॉअर यांनी २००६ मध्ये लोकांना पडद्यावरच्या खुणेकडे हाताने बाण न्यायला सांगितलं. बाण ४५ अंश वळून जायचा. मग युक्तीही सांगून टाकली : शेजारच्या खुणेवर नेम धरा, बाण बरोबर पडेल. पहिल्यांदा पडलाही. पण करत गेले तसतसे लोक पुन्हा चुकायला लागले. डोक्याने युक्ती सांभाळली होती, आणि खाली दुसरंच काहीतरी आपली दुरुस्ती त्यावर चढवत होतं.

काका : (हसून) हातच तो. तो आपलं घोडं दामटणारच.

मी : ते घोडं लहान मेंदूचं. लहान मेंदूला इजा झालेल्या माणसांना चष्मा घालून फेकलेला चेंडू जागेवर आणणं जमत नाही. कितीही फेकले तरी तेवढेच चुकतात. पण काका, ही एका प्रकारची गाठ झाली. डोळा आणि हात आधीच जोडलेले होते, ती जोडणी जरा सरकली, ती परत बसवली. याला जुळवणी म्हणू. नेमणूक वेगळी. 'क' म्हणजे हे बोट, हे जुळवून येत नाही. कुणीतरी सांगावं लागतं आणि लक्षात ठेवावं लागतं.

काका : फरक काय पडतो?

मी : फार. हेन्री मोलेसन नावाचा एक माणूस होता. फेफऱ्यावर उपाय म्हणून १९५३ साली त्याच्या मेंदूतला दोन्हीकडचा हिप्पोकॅम्पस आणि आजूबाजूचा भाग काढला. त्यानंतर नवीन काही त्याच्या आठवणीत राहीना. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीच्या दुहेरी रेषांमधून पेन्सिल फिरवायला दिली. आरशात सगळं उलटं, पहिल्यांदा कुणाचाही हात भरकटतो. तीन दिवसांत त्याचा हात सुधारला, आणि दर दिवशी त्याला वाटायचं की हे आपण पहिल्यांदाच करतोय.

काका : बघ! आठवण नाही, डोकं नाही, हात शिकला.

मी : जुळवणी शिकला. नेमणुकीचं बघा. एलिझाबेथ मरे आणि स्टीव्हन वाइज यांनी १९९६ मध्ये माकडांचा हिप्पोकॅम्पस आणि त्याला लागून असलेला भाग काढून पाहिलं. चित्र बघून दांडा कुठे वळवायचा, अशा नेमणुका. जुन्या, चांगल्या मुरलेल्या नेमणुका राहिल्या. नव्या पटकन शिकणं गेलं. म्हणजे तुमच्याकडे पहिल्या दिवशी आलेल्या मुलाला डोकं लागतं, काका. सहाव्या महिन्यात लागत नाही. तुम्ही सहाव्या महिन्याचा नियम पहिल्या दिवशी सांगत होता.

काका बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, सहाव्या महिन्यानंतर ते डोक्यातलं जातं कुठे? हा प्रश्न मला आवडला. २०१४ साली अमेरिकेत क्रिस्टी स्नायडर, गॉर्डन लोगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, मिनिटाला सत्तरच्या आसपास शब्द टाइप करणाऱ्यांना कोरा कळफलक देऊन अक्षरं भरायला सांगितली. सरासरी पंधराच अक्षरं जागेवर आली. मी हे सांगितलं तेव्हा काकांनी हवेत दोन्ही हातांची बोटं नाचवली आणि म्हणाले, "मला विचारशील तर मीसुद्धा आधी बोट हलवून बघेन, मग सांगेन."

मी : त्याच लोगन यांनी मॅथ्यू क्रम्प यांच्याबरोबर २०१० मध्ये आणखी एक केलं होतं. सराईत टायपिस्टना बसवलं आणि पडद्यावर गुपचूप ढवळाढवळ केली. त्यांनी केलेली चूक पडद्यावर दुरुस्त दाखवायची आणि बरोबर लिहिलेल्यात मुद्दाम चूक घालायची. टायपिस्टनी पडद्यावर विश्वास ठेवला. दुरुस्त दिसलेलं आपणच बरोबर लिहिलं म्हणाले, घुसडलेली चूक अंगावर घेतली. पण बोटं फसली नाहीत. खरी चूक झाली की त्यानंतरचं अक्षर उशिरा पडायचं; घुसडलेल्या चुकीला बोटं अडखळली नाहीत.

काका खुर्चीत सरसावून बसले.

काका : पुन्हा सांग. पुढचं अक्षर उशिरा पडायचं?

मी : हो.

काका : हे मला ठाऊक आहे. अकरा मशीनं एकदम चालायची या खोलीत. मी खिडकीकडे तोंड करून उभा असायचो आणि म्हणायचो, तिसऱ्या मशीनवर चूक झाली. पोरांना वाटायचं सरांना मागे डोळे आहेत. डोळे कुठले, आवाज. टक टक टक टक, आणि मग एक अंतर पडतं. पोराला कळायच्या आधी मला कळायचं. नियम करून ठेवला होता मी, अंतर पडलं की हात उचलायचा, पुढे मारायचं नाही.

मी : मग तुम्ही चुकीतूनच शिकवत होता की!

काका : (जरा थांबून) चूक करून नव्हे. बोट बोलतंय ते ऐकून. तो घाईचा मुलगा ते अंतर दाबून टाकायचा, पुढे पळायचा. त्याचं तेच चुकलं.

इथे आम्ही दोघं एका जागी आलो असं मला वाटलं. काकांना वाटलं नाही. ते अजूनही म्हणतात, न चुकता सावकाश. मी म्हणते, चुकावं, पण वाटेत कुणी सावरू नये आणि चुकीनंतर थांबायला वेळ मिळावा. घाईने चुकीवरून पुढे जाणं मात्र दोघांनाही नको आहे.

वयाचंही बोलणं निघालं. टिमथी सॉल्टहाउस यांनी १९८४ मध्ये १९ ते ७२ वर्षं वयाच्या टायपिस्टची तुलना केली होती. खूण दिसल्यावर कळ दाबायला वयस्कर मंडळींना जास्त वेळ लागायचा, पण टायपिंगचा वेग तेवढाच. ते उताऱ्यात जास्त पुढची अक्षरं वाचून ठेवायचे. काकांनी हे ऐकून फक्त मान डोलावली; त्यांना त्यात नवल वाटलं नाही.

काका : आता वेलांटीचं सांग. ती का सुटत नाही?

मी : कारण जुनी गाठ सुटत नाही, काका. नवी तिच्या शेजारी बसते. दोन्ही राहतात.

काका : म्हणजे वळणाचं पाणी वळणावर.

मी : पण दोन वळणं करता येतात. सेंट लुईसमध्ये १९९६ च्या सुमाराला काही जणांना चष्मा घालून आणि काढून चेंडू फेकायचा सराव कित्येक आठवडे दिला. शेवटी चष्मा घातला की पहिलाच चेंडू बरोबर, काढला की पुढचाच बरोबर. चष्मा हीच खूण झाली, कुठली जोडणी वापरायची त्याची.

काका : माझी एक विद्यार्थिनी कोर्टात होती, दोन्हींवर काम करायची. मशीनवर मनगट उचललेलं, संगणकावर टेकलेलं. मी तिला ओरडायचो, एकच सवय ठेव म्हणून. (थोडं थांबून) ओरडायला नको होतं.

मग काकांनी मशीनवर नवा कागद चढवला, खोकं ठेवलं आणि मला बसवलं. मनगटं उचलून धरायला लावली. स्वतः खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. 'दिवस', 'मिरची', 'विहीर', 'किल्ला'. पहिल्या ओळीत त्यांनी सहा वेळा "हं" म्हटलं. सहाही वेळा माझं बोट त्यांच्या आधी थबकलं होतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. चौथ्या ओळीत दोनदा. नवव्या ओळीला ते काहीच बोलले नाहीत. खोकं उचललं तर कागदावर 'दिवस दिवस दिवस', वेलांटी जिथल्या तिथे. काकांनी तो कागद फाइलमध्ये लावला, वर तारीख घातली.

रात्री मी संगणक उघडला. चटणी आवडणाऱ्या त्या रुग्णासाठी पुढच्या आठवड्याचे व्यायाम लिहायचे होते : दिवसातून तीन वेळा, हात फळीखाली ठेवून. मनगटं नकळत उचललेली होती. पहिलाच शब्द लिहिला आणि पडद्यावर टिंबांचा गोल, त्याला लटकलेली वेलांटी आणि पुढे 'दवसातून'.